ज्वालामुखी खरंच फुगतोय की मला हवाच दिसतेय? अर्धी पीएचडी या उत्तरावर अडकलीये

अभ्रक

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय ज्वालामुखीच्या पृष्ठभागाची हालचाल, म्हणजे मुख्यतः इन्सार, उपग्रहाच्या रडारच्या वेगवेगळ्या वेळच्या प्रतिमांची तुलना करून जमीन किती हलली ते मोजायची पद्धत. सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाचा अडीच वर्षांचा डेटा घेऊन एका उंच शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीची टाइम सिरीज काढली आणि त्यात शिखर पायथ्याच्या तुलनेत 4 सेंटीमीटर वर आलेलं दिसलं. मोगी मॉडेल (जमिनीखाली एका बिंदूवर मॅग्माची पोकळी फुगतेय असं धरून वरची हालचाल काढणारं सूत्र) बसवून बघितलं तर इतकं सुंदर बसलं की मी दोन दिवस हवेत होते, खोली 5.2 किलोमीटर आली, आकारमानातली वाढ साधारण 45 लाख घनमीटर. गाईडना दाखवलं, तेही खूश, म्हणाले कॉन्फरन्सला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठव, पाठवला.

मागच्या आठवड्यात हवामानाच्या मॉडेलवरून ट्रोपोस्फिअरचं, म्हणजे खालच्या थरातल्या हवेमुळे येणाऱ्या चुकीचं, करेक्शन लावलं, खरं तर ते आधीच लावायला हवं होतं, आणि 4 सेंटीमीटरचे दीडच्याही खाली आले. दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत होते, सापडली नाही. आता कशावर विश्वास ठेवू तेच कळत नाहीये, कारण हवामानाच्या मॉडेलची ग्रिड इतकी मोठी असते की माझा अख्खा डोंगर दोन-तीन चौकोनांत मावतो, म्हणजे करेक्शनच चुकीचं असायलाही वाव आहे ना? जीपीएस एकही नाही, भूकंपमापकाचं एकच स्टेशन आहे तेही पायथ्याला.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, सिग्नल खरा की खोटा हे करेक्शनवर अवलंबून न राहता कसं तपासायचं? आणि खोटा निघाला तर थिसिसमध्ये उरतं काय?

तरंगलांबी

आधी एक गोष्ट कर, अगदी आजच कर. तुझ्या डोंगराचा उंचीचा नकाशा घे आणि शिखरापासून किती अंतरावर उंची निम्मी होते ते मोज. मोगीच्या सूत्रात उभी हालचाल शिखरापासून 0.77 गुणिले खोली इतक्या अंतरावर निम्मी होते, खोलीचा आकडा जवळजवळ सगळा त्या आकारातूनच येतो. तुझी खोली 5.2 किलोमीटर आहे म्हणजे तुझा सिग्नल साधारण 4 किलोमीटरवर निम्मा होत असणार. तुझा डोंगरही 4 किलोमीटरच्या आसपासच निम्मा होत असेल तर तू मॅग्मा चेंबरची खोली काढलेली नाहीस, डोंगराची रुंदी मोजलीयेस. मॉडेल सुंदर बसलं याचं कारणही तेच, गुळगुळीत टेकाडासारख्या कुठल्याही आकारावर मोगी छान बसतं.

हे होतं कसं तर रडारची लहर पायथ्यावर पडते तेव्हा तिला बाष्पाने भरलेल्या हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, शिखरावर पडते तेव्हा बराचसा थर खालीच राहिलेला असतो. दमट दिवसात पायथ्याचा सिग्नल जास्त रेंगाळतो, म्हणजे पायथा उपग्रहापासून लांब गेल्यासारखा दिसतो, आणि तू पायथ्याला स्थिर धरलंस की शिखर वर आलेलं दिसतं. तुझ्या सिरीजची सुरुवात कोरड्या ऋतूत आणि शेवट दमट ऋतूत झालाय का बघ, अडीच वर्षं म्हटल्यावर मला हीच शंका आली, पूर्ण वर्षांचा डेटा असता तर निदान ऋतूंचा हिशोब बरोबरीत सुटला असता. 1997 सालच्या एका गाजलेल्या पेपरात दाखवलंय की आर्द्रतेत 20 टक्के फरक पडला तर 10 सेंटीमीटरपर्यंत चूक होऊ शकते, त्यापुढे तुझे 4 सेंटीमीटर म्हणजे सेंटिनेलचे जेमतेम दीड फ्रिंज (इन्सारच्या चित्रातले रंगांचे पट्टे). आणि यात तू एकटी नाहीस. 1990 च्या दशकात इटलीतल्या एटना ज्वालामुखीवर इन्सारने जी हालचाल दिसली तिचा बराच भाग ट्रोपोस्फिअरचा होता असं 2000 साली दाखवलं गेलं, आणि तिथे काम करणारी माणसं या क्षेत्रातली दिग्गज होती.

आता करेक्शनशिवाय तपासायचं तर मला सगळ्यात आवडणारी परीक्षा असेंडिंग आणि डिसेंडिंग ट्रॅकची आहे, म्हणजे उपग्रह उत्तरेकडे जाताना आणि दक्षिणेकडे येताना घेतलेल्या प्रतिमांची. पण दोन्हीत शिखर वर दिसलं म्हणजे खरं, असं समजू नकोस, हवेचा परिणामही दोन्हीत तसाच दिसेल. बघायचं काय तर जास्तीत जास्त हालचालीची जागा सरकते का. डोंगर खरंच फुगत असेल तर जमीन वर जाता जाता बाहेरही ढकलली जाते, त्यामुळे असेंडिंगमध्ये (उपग्रह पश्चिमेकडून बघत असतो) सिग्नलचा जोर पश्चिम उतारावर येतो आणि डिसेंडिंगमध्ये पूर्व उतारावर. हवेला हे जमत नाही. हवेचा सिग्नल दोन्ही ट्रॅकमध्ये शिखराला चिकटून बसतो.

आणि त्याच फ्रेममध्ये जवळपास तेवढ्याच उंचीचा एखादा साधा डोंगर असेल, ज्याचा ज्वालामुखीशी काही संबंध नाही, तर तोही फुगलाय का बघ.

कंपनमापक

इन्सारबद्दल वर सांगितलंय त्यात मी भर घालणार नाही, पण एकच स्टेशन आहे म्हणून ते सोडून देऊ नकोस. एका स्टेशनवरून भूकंपाची जागा काढता येत नाही हे खरं, पण पी (आधी पोहोचणाऱ्या) आणि एस (नंतर पोहोचणाऱ्या) लहरींमधल्या वेळेवरून अंतराचा अंदाज येतो, रोजची संख्या मोजता येते आणि मुख्य म्हणजे कुठल्या जातीचे भूकंप आहेत हे कळतं. खडक तुटताना होणाऱ्या भूकंपांची, ज्यांना आपण व्हीटी म्हणतो, ऊर्जा साधारण 5 हर्ट्झच्या वर पसरलेली असते आणि पी, एस स्पष्ट दिसतात. लाँग पीरियडवाले 0.5 ते 5 हर्ट्झमध्ये घंटेसारखे घुमत राहतात, एस शोधूनही सापडत नाही. भूकंपतज्ज्ञ बर्नार्ड शुएनी त्याचा अर्थ द्रव किंवा वायूने भरलेल्या भेगेचं कंपन असा लावला आणि 1996 मध्ये उद्रेकाच्या अंदाजासाठी ते कसे वापरता येतील यावर सविस्तर लिहिलं. फिलिपिन्सच्या पिनाटुबोला 15 जून 1991 च्या मोठ्या उद्रेकाआधी असेच खोलवरचे भूकंप नोंदले गेले होते.

ऑब्सपाय या भूकंपनोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये अडीच वर्षांचे स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठल्या हर्ट्झला किती ऊर्जा ते दाखवणारी चित्रं) काढायला फार वेळ लागत नाही. 45 लाख घनमीटर काहीतरी 5 किलोमीटरवर घुसलं असेल आणि अडीच वर्षांत एकही व्हीटी नाही असं असेल तर ते अशक्य नाही, पण मला तरी खटकेल. फक्त एक काळजी घे, समुद्राच्या लाटांमुळे सतत होणारा नॉईज आणि डोंगरावरचा वारा हेसुद्धा ट्रेमरसारखे, म्हणजे ज्वालामुखीच्या सलग कंपनासारखे, दिसतात, त्यामुळे वाऱ्याच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय ट्रेमर हा शब्द थिसिसमध्ये लिहू नकोस.

विवर_काठ

थोडंसं वेगळं सांगतो. समजा सिग्नल शंभर टक्के खरा निघाला, तरी "फुगतोय म्हणजे उद्रेक येणार" हे वाक्य अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये असेल तर काढ. इटलीतल्या कॅम्पी फ्लेग्रेई ज्वालामुखीला 1982 ते 84 मध्ये जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली, तिथल्या पोझुओली शहरातून हजारो लोकांना हलवलं आणि उद्रेक झालाच नाही. उलट गॅलापागोसच्या सिएरा नेग्राला 2005 च्या उद्रेकानंतर जमीन साडेसहा मीटर वर येत गेली आणि 2018 मध्ये खरंच फुटला. शिवाय मोगीतून जे घनमीटर येतात ते पोकळीचे असतात, मॅग्माचे नाही, कारण वायूचे बुडबुडे असलेला मॅग्मा दाबला जातो, आत आलेला त्याहून बराच जास्त असू शकतो.

सीमा_भूभौतिकी

अभ्रक, "थिसिसमध्ये उरतं काय" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, मी यातून गेलेय.

माझाही सिग्नल तिसऱ्या वर्षी गेला. गाईडना सांगायला तीन आठवडे लावले आणि त्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण सांगितल्यावर ते दहा मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले की ठीक आहे, आता काय दिसू शकलं नसतं ते काढ. माझा सगळ्यात चांगला चॅप्टर त्या एका वाक्यातून झाला. म्हणजे असं, समजा करेक्शननंतर तुझ्या डेटात दीड सेंटीमीटरच्या खालचं काही ओळखता येत नाही. मग 5 किलोमीटर खोलीवर साधारण 16 लाख घनमीटरपेक्षा जास्त काही घुसलेलं नाही हे तू ठामपणे सांगू शकतेस, पण खोली 10 किलोमीटर धरली की तीच मर्यादा चौपट होऊन 63 लाखांवर जाते, कारण खोलीचा वर्ग येतो. हे नुसत्या सूत्रावर सोडू नकोस, कॉम्प्युटरवर खोटा मोगी सिग्नल बनव, तुझ्या खऱ्या इंटरफेरोग्राममध्ये (दोन रडार प्रतिमांच्या फरकाच्या चित्रात) मिसळ, तीच सगळी प्रोसेसिंग परत चालव आणि किती वेळा तो परत सापडतो ते मोज, वेगवेगळ्या खोलीला आणि वेगवेगळ्या ऋतूत.

"हालचाल नाही" याला किंमत नाही असं कोणी म्हणालं तर 2014 सालचा तो आढावा दाखव. 198 ज्वालामुखींच्या 18 वर्षांच्या नोंदी होत्या, 54 मध्ये जमीन हलली आणि त्यातल्या 25 मध्ये उद्रेक झाला, आणि जे हलले नाहीत त्यातले 94 टक्के फुटले नाहीत. बघ, न हलण्याचं अनुमान जास्त पक्कं ठरलं. पण त्यासाठी "नाही" म्हणणाऱ्याने आपल्याला किती बारीक दिसतं हे सांगितलेलं असावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेक जण सांगत नाहीत.

मला या वेळी नेहमी हॅरी ग्लिकेन आठवतो. 1980 मध्ये अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीसमोरच्या निरीक्षण ठिकाणी बसणारा पदव्युत्तर विद्यार्थी, आपल्या प्रोफेसरना भेटायचं म्हणून निघाला, त्याच्या जागी ज्वालामुखीतज्ज्ञ डेव्हिड जॉन्स्टन आला आणि 18 मेच्या उद्रेकात गेला. ग्लिकेनने नंतर त्याच डोंगराच्या कोसळलेल्या कड्यावर पीएचडी केली, सुमारे 2.5 घन किलोमीटर खडक, त्याचा तुकडा तुकडा नकाशावर मांडला, आणि डोंगराची बाजू अशी ढासळू शकते हे ज्वालामुखीशास्त्राला नीट कळलं त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. 1991 मध्ये जपानच्या उन्झेन ज्वालामुखीच्या उद्रेकात तोही गेला. ज्या डोंगराबद्दल तू "काही नाही" असं लिहिणार आहेस त्याच्याजवळ उद्या कोणीतरी उभं असेल, म्हणून ती मर्यादा नीट काढ एवढंच.

आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागे घेऊ नकोस, आयोजकांना लिहून बदल, बहुतेक ठिकाणी तेवढी मुभा असते.

अभ्रक

सगळ्यांचे खूप खूप आभार, नऊ दिवसांनी लिहितेय कारण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तरंगलांबी, डोंगराची उंची 3.9 किलोमीटरवर निम्मी होते. ते बघून मी लॅपटॉप बंद करून बाहेर चालून आले. शेजारचा साधा डोंगर 3 सेंटीमीटर "फुगलेला" आहे, दोन्ही ट्रॅकमध्ये सिग्नल शिखरावरून हलत नाही, आणि हो, सुरुवात कोरड्यात आणि शेवट दमटमध्येच होता. स्पेक्ट्रोग्राम अर्धे झालेत, आतापर्यंत 11 व्हीटी मिळाले आणि सगळ्यांचं पी-एस अंतर इतकं जास्त आहे की ते डोंगराखालचे नसावेत.

गाईडना परवा सांगितलं. सीमाताई, तुमच्यासारखंच झालं, आधी शांतता, मग त्यांनी स्वतः फळ्यावर खोलीच्या वर्गाचा आलेख काढला. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बदलून पाठवलाय.

पण करेक्शननंतर एक गोष्ट उरलीये. पूर्व उतारावर जुन्या लाव्हाच्या प्रवाहावर, बरोबर त्याच्या कडांच्या आत, वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर खाली जाणारा पट्टा आहे. उंचीशी त्याचा काही संबंध दिसत नाही. प्रवाह 2000 नंतरचा आहे. हा खरा असू शकतो का?

तरंगलांबी

असू शकतो, जाड प्रवाह थंड होताना आकसतात आणि त्यांच्या भाराने खालची जमीनही दबते, अशी हालचाल वर्षानुवर्षं चालते. पण तू डीईएम, म्हणजे उंचीचा डिजिटल नकाशा, कुठला वापरलायस? एसआरटीएम असेल तर तो फेब्रुवारी 2000 चा आहे, म्हणजे त्यात हा प्रवाहच नाही, आणि प्रवाहाची जाडी उंचीची चूक बनून फेजमध्ये, म्हणजे ज्यावरून इन्सार हालचाल मोजतं त्या लहरीच्या मोजमापात, येते. ती चूक पर्पेंडिक्युलर बेसलाइनच्या (दोन प्रतिमा घेतानाच्या उपग्रहाच्या जागांमधल्या आडव्या अंतराच्या) प्रमाणात वाढते, खरी हालचाल काळाच्या प्रमाणात. पट्ट्यातला एक पिक्सेल घे आणि दोन्ही आलेख काढ.

अभ्रक

एसआरटीएमच आहे. आज रात्री काढते आणि इथेच टाकते.