साठीनंतर पुन्हा सिनेमाकडे: तालुक्याच्या गावी चित्रपट मंडळ काढायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ६१, राहणार सातारा जिल्हा. आधी साखर कारखान्यात केमिस्ट होतो, नंतर ठिबक सिंचनाचं दुकान चालवलं. दुकान आता मुलगी आणि जावई बघतात, त्यामुळे हातात वेळ आहे.

सिनेमाचं वेड या दोन्ही व्यवसायांच्या आधीचं. ऐंशीच्या दशकात पुण्यात बी.एस्सी. करताना फिल्म सोसायटीचा सभासद झालो. १६ मिलिमीटरच्या प्रिंटा पत्र्याच्या पेट्यांतून यायच्या आणि त्या उचलायला आम्ही पोरंच असायचो. एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत दिवे लागायचे. तेवढ्या वेळात मागच्या रांगांत वाद पेटलेला असायचा, आणि खेळ सुटल्यावर तो चहाच्या गाडीवर पुढे चालायचा. सिनेमा चार माणसांत बघायचा आणि मग त्यावर भांडायचं, ही गोडी मला तिथं लागली.

कारखान्यात लागलो आणि ते तुटलं. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो तो मार्च-एप्रिलपर्यंत. गोव्याचा इफ्फी हा चित्रपट महोत्सव नोव्हेंबरात, पुण्याचा पिफ महोत्सव जानेवारीत. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला दोन्ही अशक्य. घरी टीव्हीवर, पुढे मोबाईलवर खूप पाहिलं, पण एकट्यानं.

आमच्या गावातलं एकपडदा थिएटर बंद होऊन तिथं मंगल कार्यालय झालं. इथल्या कॉलेजच्या मुलांनी 'प्रभात'चा एकही चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली ही कंपनी आपल्या इतकी जवळची! वाचनालयाचे अध्यक्ष महिन्यातून एका रविवारी सभागृह द्यायला तयार आहेत. शंभरेक खुर्च्या, भाड्याचा प्रोजेक्टर, मांडववाल्याचे स्पीकर. सुरुवात 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' यांनी करावी आणि प्रत्येक खेळानंतर तासभर चर्चा ठेवावी असं मनात आहे.

विचारायचं ते असं. एवढे जुने चित्रपट दाखवायला कुणाची परवानगी लागते? तिकीट ठेवायचं नाही, फक्त वार्षिक वर्गणी. नंतर नवे मराठी चित्रपटही दाखवायचे आहेत, त्यांचं काय? संस्था रीतसर नोंदवावी की वाचनालयाचाच उपक्रम म्हणून चालवावं? आणि ज्यांनी लहान गावात हे केलंय त्यांना खास विचारतो: चर्चेला माणसं थांबतात का? थांबावीत म्हणून तुम्ही काय केलंत? मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

काका, फार चांगलं काम हाती घेताय. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. 'संत तुकाराम' १९३६ चा, 'शेजारी' १९४१ चा. तुम्ही म्हणताय त्या चारही चित्रपटांची मुदत कधीच संपली. गीत-संगीताच्या हक्काची मुदत मात्र वेगळी मोजतात, म्हणून वर्गणी घेणार असाल तर एकदा वकिलाला विचारून घ्या. नव्या चित्रपटांसाठी निर्मात्याची लेखी परवानगी हवीच. ओटीटीची वर्गणी किंवा डीव्हीडी घरच्या वापरापुरती असते, सभागृहात ती चालत नाही.

पुढेमागे संस्था नोंदवलीत की फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनचं सभासदत्व घेता येईल. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेली ही संघटना आहे. पहिले काही महिने वाचनालयाच्या नावावर चालवा, माणसं जमतात का बघा, मग कागदपत्रांच्या मागे लागा.

प्रतिसाद २

तांत्रिक बाजूचं सांगतो. 'प्रभात'च्या काळातलं चित्र जवळपास चौकोनी असतं. भाड्याचा प्रोजेक्टरवाला पडदा भरावा म्हणून ते ताणून लांबट करतो आणि 'कुंकू'च्या नायिका शांता आपटे ओळखू येत नाहीत. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या, ताणू देऊ नका. आवाज एकपदरी (मोनो) असतो, त्यामुळे स्पीकर पडद्याजवळच मधोमध ठेवा. मांडववाले सवयीनं हॉलच्या चारी कोपऱ्यांत लावतात, मग संवाद घुमतात आणि काही कळत नाही. खिडक्यांना काळं कापड लावा, नाहीतर खेळ संध्याकाळी सातनंतर ठेवा.

चर्चेचं म्हणाल तर खेळ संपल्याबरोबर दिवे लावा आणि चहा सभागृहातच द्या. चहा बाहेर ठेवलात की लोक तिथूनच घरी जातात. पहिला प्रश्न तुम्ही विचारू नका, एखाद्या कॉलेजच्या मुलीला आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चहाचं लगेच ठरवून टाकलं. आता एकच: 'कुंकू'ची मोठ्या पडद्यावर चालेल अशी स्वच्छ प्रत हवी आहे. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज करावा, की प्रत्यक्ष जाऊन भेटावं? कुणी अलीकडे तिथून चित्रपट मिळवला असेल तर अर्जात काय काय लिहिलंत ते सांगा.