वेदनेची ‘तीव्रता’: दहाच्या टोकाला ‘असह्य’ लिहावं का?

फिजिओथेरपीच्या रुग्णांचं दुखणं मोजायला 0 ते 10 चा मराठी तक्ता करायचा आहे. 0 ला ‘अजिबात दुखत नाही’ ठीक वाटतं. 10 ला ‘तीव्र वेदना’ की ‘असह्य वेदना’?

— ‘तीव्र’ नकोच. वैद्यकीय मराठीत ‘जुनाट’च्या उलट, म्हणजे नुकतं सुरू झालेलं, या अर्थानेही तो शब्द रुळलाय. कालच मुरगळलेला घोटा 3 वर असला तरी ‘तीव्र’च. ‘असह्य’ फसवा आहे. तो दुखणं मोजत नाही, सोसणाऱ्याला मोजतो. कळ सोसणारा माणूस 9 ला ‘होतंय सहन’ म्हणेल, दुसऱ्याला 5 च असह्य. ‘कल्पना करता येईल तेवढं जास्तीत जास्त दुखणं’ लिहा. लांबलचक आहे खरं, पण मोजायचं तेच आहे.

— आणखी एक घोळ: ‘दहापैकी किती?’ विचारलं की काहींना ते गुण वाटतात, आणि बरं वाटतंय म्हणून 8 सांगतात. म्हणून आधी दोन्ही टोकं वाचून दाखवायची, मग ‘आत्ता दुखणं किती?’ विचारायचं. बसल्या जागी वेगळं, हालचाल करताना वेगळं. ‘बारा आणे फरक आहे’ हे उत्तर आकड्यात बदलू नका. तो आठवणीतल्या दुखण्याशी केलेला हिशेब असतो. पुन्हा विचारा. 7 चे 6 झाले तर फार हुरळूनही जाऊ नये, साधारण 2 अंकांची घट अर्थपूर्ण धरतात.

— मग ठणका, चमक, कळ, सल, रग यांचं काय?

— ते प्रकार, प्रमाण नव्हे. चमक 2 चीही असते. मानसशास्त्रज्ञ मेलझॅक यांच्या 1975 च्या मॅकगिल या वेदनेच्या प्रश्नावलीत अशी 78 विशेषणं 20 गटांत लावलेली आहेत. आकड्याशेजारी रुग्णाचाच शब्द टिपा: ‘आग, मुंग्या’ म्हटलं की नसेचा संशय येतो, नुसतं ‘दुखतंय’ने येत नाही. ‘आखडलंय’ला मात्र वेदनेचा आकडा देऊ नका. तो ताठरपणा, कोनमापकाने हालचाल मोजा.

— आकड्यांऐवजी रुग्णाने दुखण्याची खूण करायची रेघ वापरणार असाल तर ती 100 मिलिमीटरचीच हवी, मधे छापील खुणा नकोत. झेरॉक्स काढताना ती लहानमोठी होते. प्रत्येक प्रत पट्टीने तपासा.

— आणि ‘त्रास किती?’ असं विचारू नये. 4 च्या दुखण्याने झोप उडाली तर त्रास 9 सांगतात. त्याला वेगळा रकाना ठेवा.