मदत हवी आहे: मेसरश्मिट १०९ च्या डाय-कास्ट मॉडेलच्या पंखावर फोड आलेत

नमस्कार मंडळी,

डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) विमानं जमवणारं इथे कुणी असेल तर जरा लक्ष द्या. म्युनिकच्या एका जुन्या बाजारात मला बीएफ १०९ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाचं, धातूचं मॉडेल मिळालं. वाळूच्या रंगाचं, पोटाकडून फिकट निळं, शेपटीकडे पांढरा पट्टा आणि बाजूला पिवळा १४. म्हणजे जेजी २७ या जर्मन लढाऊ विमानदलातल्या हान्स-योआखिम मार्सेय या वैमानिकाचं, उत्तर आफ्रिकेतलं विमान. विकणाऱ्या आजोबांकडे ते बरीच वर्षं तळघरात पडून होतं.

पहिली शंका ओळखीची. खोक्यावर ई-७/ट्रॉप (आधीची ई आवृत्ती, ट्रॉप म्हणजे उष्ण प्रदेशासाठीची) छापलंय, पण मला हे नंतरचं एफ-४/ट्रॉप वाटतंय. पंखांची टोकं गोल आहेत, शेपटीच्या आडव्या पंखांखाली तिरके आधार-दांडे नाहीत आणि पंखांत तोफाही नाहीत. इथे म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ई-३ आहे. त्याची टोकं चौकोनी आहेत आणि दांडे स्पष्ट दिसतात. एफ-४ ची २० मिमीची तोफ नाकातून, पंख्याच्या मधोमध निघते, तसं भोकही मॉडेलला आहे. शिवाय सुकाणूवर पानांच्या चक्रात १०० चा आकडा आणि खाली रेघा आहेत. मार्सेयने पाडलेल्या विमानांची शंभरी गाठली १७ जून १९४२ ला. ई-७ घेऊन त्याच्या तुकडीतले लोक लिबियात आले एप्रिल १९४१ मध्ये, आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एफ-४ वर गेलेही होते. मग खोकंच दुसऱ्या मॉडेलचं असेल का? पट्टी लावली तर पंखांची रुंदी १३.८ सेंमी भरते. खऱ्या एफची ९.९२ मीटर, म्हणजे १/७२ चं माप (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) चोख बसतं.

शेपटीवर नाझी चिन्हाची जागा कोरी आहे. जर्मनीत ते चिन्ह मिरवायला कायद्याने बंदी असल्यामुळे कारखान्यातूनच असं येतं हे माहीत आहे, आणि मला ते लावायचंही नाही. फक्त कुणी नंतर खरवडलंय का, हे कसं ओळखायचं? हाताला तरी तिथे रंग गुळगुळीत लागतो.

आता खरी काळजी. डाव्या पंखाच्या बुडाशी रंगाखाली बारीक फोड आलेत आणि उजेडात तिरकं धरलं की जोडापाशी केसाएवढी रेघ दिसते. ही मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूची, झामॅकची असतात. ओतताना त्यात शिसं किंवा कथिल मिसळलं गेलं असेल तर धातू आतून कणाकणाने सुटतो, फुगतो आणि शेवटी तुकडे पडतात. संग्राहक त्याला झिंक रॉट म्हणतात. त्यावर इलाज नाही, दमट हवेत ते फक्त वेग घेतं, एवढं वाचलंय. पण तळघरातल्या ओलीने नुसता रंगच सुटला असेल तर? हा फरक घरच्या घरी कसा करायचा? फोड टोचून आतली पावडर बघावी का, की त्याने नुकसानच होईल? फोडांच्या कडेला मार्करने खूण करून काही महिने वाट बघणं मला जास्त बरं वाटतंय.

विचारायचं कारण असं की हे मॉडेल मला बाबांना द्यायचंय. लहानपणी मला विमानं ओळखायला त्यांनीच शिकवलं आणि मार्सेयचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. ते राहतात चिपळूणला, आणि तिथला पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्यालाही बुरशी येते. घट्ट झाकणाचा ॲक्रिलिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरेल का? पुड्या किती दिवसांनी वाळवायच्या? कोकणात किंवा मुंबईत कुणी अशी मॉडेलं वर्षानुवर्षं नीट ठेवली असतील तर कृपया सविस्तर लिहा, कारण इथे जर्मनीतली मंडळी सांगतात ते उपाय कोरड्या हवेतले आहेत.

धातूच सुटत असेल तर मी हे पाठवणार नाही, त्यांच्यासाठी दुसरं धड मॉडेल शोधेन. पंखाचे आणि सुकाणूचे फोटो प्रतिसादात टाकतो. आणखी कुठल्या भागाचा हवा असेल तर सांगा.