शब्दचर्चा : सोपवलेली सत्ता, नाकारलेले स्वातंत्र्य आणि मताधिकार

प्रश्न

स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतदान झाले. त्यानंतरच्या घडामोडींवरील एक लेख मी मराठीत आणत आहे आणि एका वाक्यापाशी अडलो आहे. माझा कच्चा मसुदा असा आहे : 'अयशस्वी सार्वमतानंतर स्कॉटलंडमध्ये सत्तांतराची प्रक्रिया सुरू झाली आणि इंग्रजी मताधिकाराचा प्रश्न पुढे आला.' वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, परंतु त्यातून खरा अर्थ पोहोचतो असे वाटत नाही. विशेषतः 'डिव्होल्यूशन'साठी, म्हणजे मध्यवर्ती संसदेने आपले काही अधिकार प्रादेशिक संसदेकडे देण्यासाठी, 'सत्तांतर' चालेल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर

आपली शंका रास्त आहे. या वाक्यातील तीनही मुख्य शब्द बदलावे लागतील असे मला वाटते.

'सत्तांतर' तर अजिबात नको. मराठी वाचक हा शब्द एक सरकार जाऊन दुसरे येण्यासाठी वापरतो, किंवा १९४७ च्या संदर्भात वापरतो. स्कॉटलंडमध्ये यांपैकी काहीच घडले नाही. 'विकेंद्रीकरण' हा शब्द चूक नाही, पण फार सैल आहे. मंत्रालयातील एखादा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला तरी आपण त्याला विकेंद्रीकरणच म्हणतो. स्वतःचे कायदे करणारी निवडून आलेली संसद उभी राहणे ही वेगळ्या प्रतीची गोष्ट आहे. हिंदी विधिभाषेत 'न्यागमन' असा शब्द आहे, परंतु तो मुख्यतः वारसाहक्काने मिळकत एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी योजलेला दिसतो. मराठी वाचकाला तो परका वाटेल.

मराठीत या कामाचा एक चांगला शब्द शंभर वर्षांपासून पडून आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी १९१९ च्या कायद्यान्वये प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली, आणि पोलीस, जमीन महसूल यांसारखी खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. या वाटणीच्या नियमांच्या इंग्रजी नावातच 'डिव्होल्यूशन' हा शब्द होता. पहिल्या गटाला मराठीत 'सोपीव खाती' म्हणत आणि दुसऱ्याला 'राखीव खाती'. इतिहासाच्या पुस्तकांतून ही जोडी आजही भेटते. स्कॉटलंडच्या १९९८ च्या कायद्यातही हीच भाषा आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन असे विषय लंडनच्या संसदेने स्वतःकडे 'राखीव' ठेवल्याचे त्यात सांगितले आहे, आणि जे राखीव नाही ते सारे एडिंबरो येथील स्कॉटिश संसदेकडे सोपवलेले आहे. एवढेच ध्यानात ठेवावे की 'राखीव' म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर आरक्षण येते. म्हणून पहिल्या वेळी 'लंडनकडे राखून ठेवलेले विषय' असे उलगडून लिहावे.

'सोपवणे' या क्रियापदात आणखी एक छटा आहे आणि ती इथे मोलाची आहे. आपण शेजाऱ्यांकडे घर सोपवून गावी जातो, तेव्हा घराची व्यवस्था त्यांच्या हाती असते, पण घर आपलेच राहते. स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा ब्रिटिश संसदेचा अधिकार अबाधित आहे, असे १९९८ च्या कायद्यात स्पष्ट कलम आहे. 'बहाल करणे' या शब्दात उपकाराचा सूर येतो, आणि 'हस्तांतरण' म्हटले की देणाऱ्याचा हक्क संपल्यासारखे वाटते. 'सोपवणे' यात दोन्ही दोष नाहीत. नामच हवे असेल तर 'सत्ताप्रदान' घ्यावे, पण मराठी वाक्य क्रियापदाने अधिक मोकळे होते असा माझा अनुभव आहे.

आता 'अयशस्वी सार्वमत'. सार्वमत म्हणजे लोकांना विचारलेला प्रश्न. २०१४ मध्ये तो नीट विचारला गेला, ८४.६ टक्के मतदारांनी त्याचे उत्तर दिले, आणि ५५.३ टक्क्यांनी 'नाही' म्हटले. अशा सार्वमताला अयशस्वी कसे म्हणावे? अयशस्वी झाली ती स्वातंत्र्याची मागणी. स्कॉटलंडच्याच इतिहासात खरोखर फसलेले सार्वमत शोधायचे तर १ मार्च १९७९ कडे जावे लागते. त्या वेळी प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, प्रादेशिक विधिमंडळाचा होता. ५१.६ टक्के मते बाजूने पडली, पण एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट कायद्यात घातलेली होती, आणि होकार भरला ३२.९ टक्के. बहुमत मिळूनही काही हाती लागले नाही. या दोन घटनांना एकच विशेषण लावले तर १९७९ मध्ये 'हो' म्हणणाऱ्यांवर अन्याय होतो, आणि २०१४ मध्ये 'नाही' म्हणणाऱ्यांवरही.

इथे मला 'कौल' हा शब्द सुचवावासा वाटतो. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. प्रश्न आपण विचारायचा आणि उजवा पडो वा डावा, आलेले उत्तर मानायचे. गोव्याने १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे याचा निर्णय दिला, तेव्हा मराठीत 'जनमत कौल' हा शब्द रूढ झाला. विलीनीकरण नाकारले गेले म्हणून तो कौल अयशस्वी ठरला असे कोणी म्हणत नाही. कौल स्पष्ट होता आणि तो मानला गेला.

राहिला 'इंग्रजी मताधिकार'. मराठीत 'इंग्रजी' ही भाषा आहे. इंग्लंडमधून निवडून आलेल्या खासदारांसाठी तो शब्द वापरता येणार नाही. शिवाय 'मताधिकार' म्हणजे निवडणुकीत मत देण्याचा हक्क, आणि १९ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी काढलेला विषय त्याहून वेगळा होता. केवळ इंग्लंडला लागू होणाऱ्या कायद्यांवर स्कॉटलंडच्या खासदारांनी लंडनच्या संसदेतील कॉमन्स सभागृहात मत का द्यावे, हा तो प्रश्न. स्कॉटलंडमधील वेस्ट लोदियनचे खासदार टॅम डॅलिएल यांनी तो १९७७ मध्येच मांडला होता. इंग्लंडच्या लँकेशरमधील ब्लॅकबर्न गावाच्या कारभारावर मला मत देता येईल, पण माझ्याच मतदारसंघातील ब्लॅकबर्नच्या त्याच विषयांवर देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये यावर सभागृहाच्या नियमांत बदल झाला. स्कॉटलंडच्या सदस्यांचे मत त्यामुळे गेले नाही. इंग्लंडच्या सदस्यांना एका जादा टप्प्यावर नकाराधिकार मिळाला. जुलै २०२१ मध्ये ते नियमही रद्द झाले. तेव्हा 'सभागृहातील मतदानाचा हक्क' किंवा नेमकेपणाने 'नकाराधिकार' असे लिहावे.

शंका

'सोपीव' या शब्दाबद्दल माझा नम्र आक्षेप आहे. तो परकीय सत्तेने आपल्याला दिलेल्या तोकड्या अधिकारांचा शब्द आहे. एडिंबरोची संसद १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांच्या होकाराने आली, आणि २०१६ च्या कायद्याने ती कायमस्वरूपी असल्याचे घोषित केले. तिला 'सोपीव' म्हणणे तिचा मान कमी करणारे नाही का? त्यापेक्षा 'स्वायत्तता' म्हणावे.

उत्तर

आक्षेपामागची भावना मला पूर्ण समजते, आणि एक बाब मी मान्य करतो : संसदेला 'सोपीव' म्हणू नये, विषयांना आणि अधिकारांना म्हणावे. संसद तेथील लोकांची आहे. 'स्वायत्तता' हा शब्दही उपयोगी आहे, पण तो परिणामाचा आहे. प्रक्रिया सांगायची तर 'सोपवणे'च लागते.

२०१६ च्या कायद्यात लोकांच्या सार्वमताशिवाय ही संसद बरखास्त होणार नाही असे कलम आले, हे खरे आहे. परंतु एडिंबरोच्या संमतीवाचून सोपवलेल्या विषयांवर लंडनने सहसा कायदा करू नये हा संकेतही त्याच कायद्यात लिहिला गेला, आणि तो न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाही असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की स्वातंत्र्यावरील नव्या सार्वमतासाठी कायदा करणे स्कॉटिश संसदेच्या अधिकारात नाही, कारण तो राखून ठेवलेला विषय आहे. शब्द बोचतो, कारण वस्तुस्थितीच तशी आहे. अनुवादकाने ती गुळगुळीत करू नये.

मताधिकाराबद्दल एक गोष्ट राहून गेली होती. २०१४ मध्ये स्कॉटलंडमधील १६ व १७ वर्षांच्या मुलामुलींनी प्रथमच मत दिले, आणि मतदार ठरले ते वास्तव्यावरून. लंडनला स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसाला मत नव्हते, तर ग्लासगोत राहणाऱ्या फ्रेंच नागरिकाला होते, आणि राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांनाही असल्यामुळे एडिंबरोत रीतसर राहणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्यालाही होते. म्हणून 'स्कॉटलंडच्या नागरिकांनी मतदान केले' असे न लिहिता 'रहिवाशांनी' असे लिहावे. गोव्याच्या कौलातही बाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्यावे ही मागणी मान्य झाली नव्हती. पुढे २०१५ मध्ये स्कॉटिश संसदेने आपल्या आणि स्थानिक निवडणुकांसाठी मतदानाचे वय १६ केले. २०१६ च्या कायद्याने त्या निवडणुकांचा मताधिकार हाच सोपवलेला विषय झाला, मात्र त्यात बदल करण्यासाठी दोन-तृतीयांश बहुमताची अट आहे. ती पूर्ण करून २०२० मध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या सर्व परदेशी नागरिकांना तेथे मत मिळाले.

त्यामुळे मूळ वाक्य मी असे लिहीन : 'स्कॉटलंडच्या रहिवाशांनी स्वातंत्र्याच्या विरोधात कौल दिल्यानंतर आणखी विषय स्कॉटिश संसदेकडे सोपवण्याची प्रक्रिया सुरू झाली, आणि केवळ इंग्लंडला लागू होणाऱ्या कायद्यांवर स्कॉटलंडच्या खासदारांनी मत द्यावे का, हा प्रश्न पुढे आला.' वाक्य लांबले आहे, पण ते तोडायचे झाले तर 'सुरू झाली' येथे तोडावे. 'कौल' आणि 'सोपवणे' एकाच वाक्यात राहू द्यावेत.