'स्टार्टर-जनरेटर'ला मराठीत काय लिहावं?

बोरूबहाद्दर: पेट्रोलवर चालणाऱ्या एका छोट्या कामगाडीचं माहितीपुस्तक मराठीत करतोय. तिच्यात स्टार्टर आणि डायनामो वेगवेगळे नाहीत. पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं एकच यंत्र आहे. पेडल दाबलं की ते बॅटरीतून करंट घेऊन इंजिन फिरवतं, आणि इंजिनाने वेग धरला की तेच बॅटरी चार्ज करतं. मी 'आरंभक-जनित्र' लिहिलं, चार्जिंग सर्किटला 'भारण परिपथ'. मेकॅनिकला वाचायला दिलं तर म्हणाला, "भार किती किलोचा?"

खटारा: बरोबरच बोलला. भार म्हणजे लोड. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला 'भारनियामक' तर केलं नाहीत ना? वाचणारा वीज कधी येणार विचारेल.

बोरूबहाद्दर: केलं होतं. खोडलं.

सांजवेळ: 'विद्युत प्रभार' शाळेत सगळेच शिकलो. 'प्रभारण' लिहा. वापरलेच नाहीत तर शब्द रुळणार कसे?

खटारा: प्रभारी अधिकारी बॅटरीत बसवणार का? शिवाय शास्त्रानेही चूक. बॅटरीत प्रभार साठत नाही. एका टोकाने जेवढा शिरतो तेवढा दुसऱ्याने बाहेर पडतो. साठते ती रासायनिक ऊर्जा.

सांजवेळ: मग 'चार्जिंग'ही तितकंच चूक. इंग्रजीला माफी आणि मराठीला शिक्षा?

वंगण: स्टार्टरला सरळ 'सेल्फ' म्हणा. सेल्फ मारला, सेल्फ उचलत नाही, हे कळत नाही असा ड्रायव्हर दाखवा.

पानसुपारी: आमचे काका 'सेल मार' म्हणायचे. सेल म्हणजे बॅटरीचा सेल, करंट तिथूनच येतो. मूळ शब्द तोच असणार.

वंगण: काकांना 'फ' ऐकू आला नसेल. सेल्फ-स्टार्टरमधला सेल्फ तो. आधी हँडल मारावं लागायचं. 1912च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, आणि गंमत म्हणजे तिथेही इंजिन फिरवायला आणि बॅटरी चार्ज करायला एकच यंत्र होतं.

पानसुपारी: काकांच्या कानावर जाऊ नका.

बोरूबहाद्दर: पण अर्धा वेळ जनरेटर असलेल्या यंत्राला 'सेल्फ' कसं म्हणू? बरं, दुसरी अडचण. बॅटरी 'उतरली' लिहू की 'बसली'?

वंगण: दोन्ही वेगळं. बारा व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी बंद ठेवली की मीटर 12.6च्या आसपास दाखवतो. 12च्या खाली गेली तर उतरली. चार्ज केली की चढते. चार्ज करूनही सेल्फ मारताना कोसळते ती बसली. इंजिन वेगात असताना 14च्या आसपास दिसत नसेल तर बॅटरीला शिव्या देण्याआधी पट्टा आणि रेग्युलेटर बघा.

पानसुपारी: आम्ही दोन्हीला 'बसली'च म्हणतो.

वंगण: म्हणून चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात. तसंच सोलेनॉइडचं, म्हणजे सेल्फला मोठा करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचं. नुसतं 'टक्' झालं की लोक म्हणतात सेल्फ गेला. 'टक्' म्हणजे छोट्या करंटने सोलेनॉइड ओढला गेला; मोठा करंट पुढे पोचला की नाही हे त्यावरून कळत नाही. बॅटरी उतरलेली असेल, नाहीतर आतले कॉन्टॅक्ट जळलेले.

सांजवेळ: 'टक्'ला तरी मराठी शब्द आहे म्हणायचा! बरं, बॅटरीच्या ग्राउंड वायरला काय केलंत?

बोरूबहाद्दर: 'भूसंपर्क'.

खटारा: रबरी टायरवर उभी गाडी, भूशी संपर्क कुठला? ती वायर चासीला, गाडीच्या सांगाड्याला जाते. 'बॉडी' लिहा.

सांजवेळ: 'बॉडी' मराठी केव्हापासून?