'लूजली पॅक्ड' कपला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: पाककृतींचं भाषांतर करतेय. ताजी बेसिल, पार्सली, शेपू, सगळं कपाच्या मापात. कुठे 'पॅक्ड', कुठे 'लूजली पॅक्ड'. पहिल्याला 'दाबून भरलेला' लिहिलं. दुसऱ्याला 'सैल भरलेला' लिहिलं, तर ते खोडून 'हलक्या हाताने भरलेला' झालं. मला पटत नाही. हलका हात भरणाऱ्याचा, सैलपणा पानांचा. की सरळ ग्रॅमच लिहू?

जुनंमाप: 'दाबून' नको, 'चेपून' लिहा. सैलला माझी आजी 'पोकळ माप' म्हणायची. आणि काठाच्या वर ढीग राहिला की ती शीग. 'शिगेला पोचणे' तिथूनच आलंय.

काटेकोर: शीग धान्याची. पानांची शीग ठरत नाही, पुन्हा भरली की वेगळीच. ग्रॅमच लिहा. एक कप चिरलेली पार्सली साधारण 60 ग्रॅम, कोथिंबिरीची अख्खी पानं 16 च्या आसपास, शेपूच्या सुट्या काड्या जेमतेम 9. त्यात कप कुणाचा 237 मिलिलिटरचा, कुणाचा 250 चा.

पानोपान: मूळ गोंधळ शब्दक्रमाचा आहे. 'एक कप पार्सली, चिरून' म्हणजे आधी कप भरा, मग चिरा. 'एक कप चिरलेली पार्सली' म्हणजे उलट, आणि त्यात पाला कितीतरी जास्त मावतो. स्वल्पविराम गाळणाऱ्या भाषांतरामुळे माझी चटणी दोनदा कडू झालीय.

शब्दवेडी: हे फार महत्त्वाचं, माझ्या मजकुरात तपासते. पण काटेकोर, ग्रॅमही निर्मळ नाहीत. पानं नीट निथळली नाहीत तर पाणीही जोखलं जातं. जाड देठ ठेवले तर तेही.

नवीमराठी: 'जोखलं' आता कोण म्हणतं? 'मोजलं' पुरे.

जुनंमाप: पुरे नाही! नग मोजायचे, आकारमान मापायचं, वजन जोखायचं किंवा तोलायचं. तीन कामांना वेगळी क्रियापदं असताना सगळं 'मोजणे'त कोंबलं, म्हणूनच कप आणि ग्रॅम एक वाटायला लागले.

नवीमराठी: शेर मापाचाही होता आणि वजनाचाही. तेव्हाही लोक संदर्भानेच समजून घेत. ही वाटणी बोलण्यात इतकी कडक कधीच नसावी.

काटेकोर: आणि 'हर्ब'ला काय लिहिताय? 'औषधी वनस्पती' लिहिलंत तर काढा समजतील.

शब्दवेडी: 'सुगंधी पाला' लिहिलंय. कुणी 'सैल' की 'पोकळ' सांगेल का? उद्या मजकूर द्यायचाय.

पानोपान: पाला म्हटलं की गुरांचा आठवतो. 'हिरवा मसाला' करा.

नवीमराठी: हिरवा मसाला म्हणजे वाटण, त्यात मिरची आली. 'हर्ब्ज'च ठेवा.

जुनंमाप: शीग 'शिखा'वरून आली असावी असं मला फार वाटतं. शेंडी जशी डोक्याच्या वर, तशी मापाच्या वर.

काटेकोर: मला 'शृंग' जवळचं वाटतं.