परसातलं छोटं तळं : निळी ताडपत्री फाटली, आता काय टाकू?

परसातला_उद्योगी
नमस्कार मंडळी. देवरुखजवळ गावी आमचं घर आहे, मागे परसात नारळ आणि विहिरीच्या मधे थोडी जागा मोकळी होती तिथे गेल्या दिवाळीत मी आणि भावाने खड्डा मारला, ८ फूट लांब ५ रुंद आणि २ फूट खोल. आत निळी ताडपत्री टाकली, पाणी भरलं, आई रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायची. आणि आता मे महिन्यात काठावरची ताडपत्री हात लावला की पापडासारखी मोडतेय, विहिरीच्या विरुद्ध बाजूच्या काठाला तर पार चिंध्या, एका रात्रीत निम्मं पाणी गेलं. गवंडी म्हणतो सिमेंटची टाकी बांधू, त्याचा आकडा ऐकून मी गप्प बसलो. बजेट ५००० च्या आत आहे. वर बाबा पहिल्यापासून म्हणतायत डेंग्यू आणाल घरात. काय करू?

द्राक्षवाला_तासगाव
निळी ताडपत्री उन्हात टिकतच नाही भाऊ, ती ट्रॅक्टर झाकायला. शेततळ्याचा काळा कागद, म्हणजे जाड प्लास्टिक घ्या, ५०० मायक्रॉन जाडीचा. आमच्याकडे तळ्याचं काम झालं की कडेचे तुकडे उरतात, कागद टाकणाऱ्याला गाठा, मला असाच तुकडा १५०० ला मिळाला. माप नीट काढा, इथेच सगळे फसतात. लांबीत दोन वेळा खोली मिळवायची आणि दोन्ही काठांना एकेक फूट सोडायचं, म्हणजे तुमचं ८+४+२ = १४ आणि ५+४+२ = ११, तर १४ बाय ११ चा अखंड तुकडा. जोड नको. खाली बारीक चाळलेली वाळू आणि वर जुन्या गोण्या, नाहीतर एक टोकदार खडा पुरतो. कागद ताणून बसवू नका, ढिला सोडा, पाणी भरलं की आपोआप बसतो, मग काठ दगडाखाली दाबा.

जांभ्याचा_माणूस
तासगावचं सगळं बरोबर पण कोकणात अजून एक भानगड आहे. आमच्याकडे ३००० मिमीच्या वर पाऊस, श्रावणात जमीन इतकी भरते की पाणी कागदाच्या खालून येतं. माझा कागद मधोमध पुरीसारखा फुगला होता, कुंड्या आडव्या आणि मासे गवतात. तुमचं तर विहिरीच्या बाजूला आहे, पावसात विहिरीचं पाणी किती वर येतं ते आधी बघा. खड्ड्याच्या तळाशी एक चर काढून त्यात खडी भरा आणि उताराच्या बाजूला बाहेर काढा. वरचं जादा पाणी जायला काठ एका जागी मुद्दाम दोन बोटं खाली ठेवा, ते नारळाच्या आळ्यात सोडा. आणि खरं सांगू, आता मे संपत आलाय, घाई नको. चर मारून हा पाऊस खड्डा तसाच ठेवा, पाणी कुठून येतं ते दिसेल, कागद गणपतीनंतर टाका.

सिमेंट नकोच, नवीन टाकीतून चुना सुटतो, पाणी भर आणि ओत असं महिनाभर केल्याशिवाय मासे जगत नाहीत.

कुमुदिनी७४
डासांसाठी मासे, दुसरं काही नाही. बऱ्याच आरोग्य केंद्रांत गप्पी मासे फुकट देतात पण ते बाहेरचे आहेत, पावसात तळं वाहिलं की पऱ्यात (ओढ्यात) जाणार, म्हणून मी तरी नाही सोडले. आपल्या पऱ्यात वरवर फिरणारे, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेले मासे असतात ना, तेच पाच-सहा पकडून आणले, अळ्या तेही खातात. जलपर्णी कोणी फुकट दिली तरी आणू नका, फुलं छान दिसतात म्हणून आमच्या जाऊबाईंनी आणली, महिन्यात पाणी दिसेनासं झालं.

कुमुदिनी लावा, पसरट कुंडीत नुसती चिकणमाती, शेणखत अजिबात नाही, वर दोन बोटं वाळू. कुंडी आधी विटांवर ठेवायची आणि पान वाढेल तशी एकेक वीट काढायची. पहिले तीन-चार आठवडे पाणी हिरवंगार होईल, घाबरून बदलत बसू नका, पुन्हा तेच होतं. निम्मं पाणी पानांनी झाकलं की निवळतं. आणि घरात लहान मूल येत असेल तर वर जाळी हवीच, २ फूट पाणी कमी नाही.

परसातला_उद्योगी
सगळ्यांचे आभार. काल गवंड्याचा लेव्हल पाईप मागून आणला, नळीत पाणी भरून दोन्ही टोकं धरली तर विहिरीकडचा काठ चक्क ४ इंच खाली! म्हणजे पाणी तिकडून वाहून जायचं आणि समोरच्या काठाची ताडपत्री कायम कोरडी, उन्हात. फाटली ती तिथेच. आम्ही दोघं सहा महिने ताडपत्रीला शिव्या घालत होतो. आता आधी काठ भरून घेतो आणि चर मारतो, कागद गणपतीनंतर. तासगावकर, १४ बाय ११ चा तुकडा तुमच्याकडून एसटीच्या पार्सलने येईल का?